मनातली पुष्पा

मौनी अमावस्येला ग्वारीघाटावर नर्मदेत बुडी मारेपर्यंत बोलायचं नसतं, हे अंबादासरावांना ठाऊक होतं. पण यंदा घाटावरच्या पंडितजींनी टिळा लावता लावता एक नवीनच कलम घातलं. "मन में भी मत बोलिएगा बाबूजी, तभी फल है."

यात काय अवघड, असं अंबादासरावांना वाटलं. गेल्या वर्षीच ते तोफगोळ्यांच्या सरकारी फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. त्यांनी नुसतं बघितलं की अख्खं वर्कशॉप चिडीचूप व्हायचं. त्यांनी पायरीवर मांडी ठोकली, डोळे मिटले आणि मनाला हुकूम सोडला, चूप!

मन म्हणालं, चूप तर चूप. पण पोरीची गाडी आजच आहे.

झालं! लेक अवंतीला पुण्यात नोकरी लागली होती. आज ती निघणार होती, आणि मी काही स्टेशनवर येणार नाही, असं अंबादासरावांनी चार दिवसांपूर्वीच जाहीर करून टाकलं होतं. त्यावरून बायकोशी, पुष्पाबाईंशी, कडाक्याचं वाजलं होतं. तेच भांडण आता मनात पहिल्यापासून सुरू झालं. तेव्हा न सुचलेली उत्तरं आता कशी भराभर सुचत होती.

'पुण्याला जायचंच कशाला? तिथले लोक तिच्या मराठीला हसतील,' ते मनात म्हणाले.

'हसू द्या नं,' मनातली पुष्पा म्हणाली. 'तुमच्या हिंदीला इथं चाळीस वर्षं लोक हसून राहिले. तुम्ही पळाले का जबलपूर सोडून?'

अंबादासराव चरफडले. डोकं आपलं, दोन्ही बाजूंनी बोलणारे आपणच, तरी जिंकते तीच! हा कुठला न्याय? त्यांनी एक डोळा किलकिला केला. खरी पुष्पा आंघोळ उरकून, शाल गुंडाळून शेजारी बसली होती. तिचं मौन केव्हाच सुटलं होतं, तरी ती गप्प होती.

मन रमवायला त्यांनी समोरच्या नावा मोजायला घेतल्या. सातव्या नावेपाशी मनातली पुष्पा पुन्हा हजर.

'खरं सांगा, काहून नाही येत स्टेशनवर?'

'रडू येईल मला. सगळ्यांसमोर.'

यावर मात्र आयुष्यात पहिल्यांदा ती निरुत्तर झाली होती, आणि अंबादासरावांना त्याचा जराही आनंद झाला नाही.

ते तडक उठून पाण्यात शिरले. बुडी मारून वर आलं की पहिला शब्द 'नर्मदे हर' हाच निघायला हवा, असा नेम. पंडितजी कान देऊन उभेच होते.

"गाडी कितीची आहे?" अंबादासराव कुडकुडत ओरडले.

पंडितजींनी कपाळाला हात लावला. पुष्पाबाईंनी टॉवेल पुढे केला.

"दोनची. पोरीला कालच सांगून ठेवलं मी, बाबा येऊन राहिले म्हणून. चला आता. अन् तुमच्या कोटात दोन रुमाल ठेवले आहेत."