लालीचा ढावलो

आमच्या तांड्यात आता प्रत्येक नवरी एकच ढावलो गाते, अन् तो जुळला तेव्हा विहिरीवर लालीजवळ फक्त मी होते! पाठांतरात शाळेत पहिली आलेली मी. शब्दांनी काय वाट्टेल ते करता येतं असं मला वाटे.

लाली माझी मोठी बहीण. तिचा जीव दिग्रसच्या कापसाच्या जिनात कामाला जाणाऱ्या धावजीवर. पण बापूनं महागावच्या लोकांचा गूळ खाल्लेला; आमच्यात गूळ खाल्ला की सोयरीक मोडत नाही. धावजीसाठी लालीनं आमच्या बोलीत गाणं जुळवलं होतं, पाणी शेंदताना हळूच म्हणायची:

भोंगा वाजायच्या आत ये रे,
माझी घागर अर्धीच भरली.

"हे बापूले ऐकव ना," मी म्हटलं.

"येडी झाली काय? जीभ छाटंल थो."

"ढावल्यात ऐकव! तवा कोणी रागावते काय?"

नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते, तो ढावलो. त्यात ती बापालाही बोल लावू शकते. म्हाताऱ्या सुखीबाईनं लालीला महिनाभर जुने ढावले शिकवले. लालीनं शिकल्यासारखं केलं.

निघायच्या वेळी ती बापूच्या गळ्यात पडली अन् आपलंच गाणं काढलं. विहीर आली, भोंगा आला. मग, "नको धाडू बापू, माझा जीव इथंच ठेवलाय." मला वाटलं, आता थांबवेल बापू!

बापू ढसाढसा रडला. बायाही रडल्या. लालीनं तीच ओळ पुन्हा, ओरडून म्हटली.

"काय गळा आहे वं पोरीचा!" सुखीबाई डोळे पुसत म्हणाली. "असा ढावलो मी जलमात नाही आयकला."

नको धाडू, असं तर प्रत्येकच नवरी म्हणते. हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नव्हतं. लालीला रीतीप्रमाणे बैलाच्या पाठीवर उभं केलं. तिथून तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं.

त्याच वर्षी तांड्यातल्या सोनीबाईच्या पोरीनं आपल्या लग्नासाठी ते गाणं मागितलं. मीच वहीत लिहून दिलं, छान अक्षरात. धावजी जिन सोडून कुठं गेला, कोणास ठाऊक. दिवाळीला लाली आली तेव्हा पोरी म्हणाल्या, "म्हण ना वं."

"मले नाही येत," लाली म्हणाली.

परवा दारव्ह्याहून पाहुणे आले. बापूनं गूळ खाल्ला. मी सगळ्यांसमोर, अगदी ठणकावून म्हटलं, "मले नाही करायचं लगन. मॅट्रिक व्हायचं आहे मले."

बापू कौतुकानं हसला. "आत्ताच काहून? ढावल्यात म्हणजो, बाई."