वरच्या पायरीवर दोन राजे

‘अ‍ॅडजस्ट’ हा शब्द तुळसीला पहिल्यांदा भेटला तो बन्नूरच्या बसमध्ये. १९८१ साली लग्न होऊन ती कोल्हापूरहून म्हैसूरला आली आणि आठवड्याभरातच नवऱ्याबरोबर चुलतसासऱ्यांच्या पाया पडायला निघाली. तिघांच्या बाकड्यावर तिघं बसली होती. वाटेत उसाची मोळी घेऊन एक बाई चढली आणि म्हणाली, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी.” म्हणजे थोडं सांभाळून घ्या. तिघांनी अंग चोरलं, मागच्यांनी पाय आवरले, उसाला खिडकीशी वाट मिळाली. कोणी कपाळाला आठी घातली नाही. शब्द तुळसीला आवडला.

पुढे चामराजपुरमच्या घरात तो रोज कानावर येऊ लागला. सासरे जगन्नाथराव रेडिओची सुई अ‍ॅडजस्ट करायचे. शिंप्याने ब्लाउज घट्ट शिवला आणि तूच अ‍ॅडजस्ट हो असं सुचवलं. दूधवाला पाणी घालून दूध अ‍ॅडजस्ट करायचा. नवरा मालोजीराव रेल्वेच्या वर्कशॉपात रजा अ‍ॅडजस्ट करायचा. सासूबाई भागीरथीबाईंच्या हातून सारात मीठ कमी पडलं तर त्या म्हणत, “आजच्या दिवस अ‍ॅडजस्ट करा.” आणि तुळसीच्या हातून कमी पडलं तर म्हणत, “मीठ कमी आहे.”

घराणं मराठा. पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण मराठी वाक्य मध्येच कन्नडात शिरायचं आणि तिकडेच संपायचं. सणवारही असेच मिसळलेले. नवरात्रात घट बसायचे आणि त्याच खोलीत म्हैसूरच्या रिवाजाने बाहुल्यांच्या पायऱ्याही मांडल्या जायच्या. ट्रंका, डबे, फळ्या एकावर एक रचायच्या, वर पांढरं धोतर अंथरायचं. सगळ्यांत वर लाकडी राजा-राणी. ही जोडी मुलीला लग्नात आईने द्यायची असते. भागीरथीबाईंची जोडी त्यांच्या आईने दिलेली. खालच्या पायऱ्यांवर देव, मग हत्तींची स्वारी, मग लग्नाची वरात आणि अगदी तळाला किराणा दुकान मांडून बसलेले शेट्टी नवरा-बायको, पुढ्यात खरे तांदूळ आणि खरी डाळ.

लग्नाच्या बैठकीत भागीरथीबाईंनी व्याह्यांना सांगितलं होतं, “मानपान काही नको. दसऱ्याला मांडायला बाहुल्या तेवढ्या द्या. राजा मात्र पाहिजेच.”

कोल्हापुरात बाहुल्यांच्या पायऱ्या कोणी पाहिलेल्या नव्हत्या. तिथे मांडतात तो दिवाळीतला किल्ला. आणि राजा म्हटल्यावर कुठला, हे कोल्हापुरात कोणी विचारत नाही. तुळसीचे वडील कुंभारवाड्यात गेले, सगळ्यांत मोठे महाराज निवडले, सिंहासनासकट. सोबत मावळे, दोन तोफा आणि एक वाघ. सगळं मातीचं, रंगवलेलं, गवतात गुंडाळून पेटीत भरलेलं.

ती पेटी घट बसायच्या दिवशी उघडली.

“राणी कुठाय?” भागीरथीबाईंनी विचारलं.

“किल्ल्यात राणी नसते, आत्या,” तुळसी सासूला म्हणाली.

“आणि हा वाघ?”

“तो जंगलातला.”

भागीरथीबाईंनी महाराजांना नमस्कार केला आणि उचलून तळाच्या पायरीवर, शेट्टीच्या शेजारी ठेवलं. मावळे डाळीच्या मागे उभे राहिले.

“आत्या, महाराज दुकानाशेजारी?”

“वर जागा कुठाय गं? ट्रंक केवढी, तू बघतेस ना, अल्वा? राजा-राणी आणि मध्ये कलश. संपली.”

“मग देवांच्या खाली तरी.”

“तिथे हत्ती आहेत. एकदा कलश ठेवला की विजयादशमीपर्यंत काही हलवायचं नाही. माझ्या आईनं हलवलं नाही, मी हलवलं नाही.”

प्रकरण जगन्नाथरावांकडे गेलं. ते शिसवी कपाटावरच्या रेडिओला कान लावून बसले होते. “एका राजाचं मीठ खाल्लं, दुसऱ्याच्या मुलखातनं आलो,” ते म्हणाले. “मी यात पडत नाही.”

संध्याकाळी मालोजीराव आला. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि बायकोला म्हणाला, “अ‍ॅडजस्ट कर की गं थोडं.”

“बसमध्ये कोणी असं म्हटलं की अख्खं बाकडं सरकतं,” तुळसी म्हणाली. “या घरात म्हटलं की मी एकटी सरकते. हे कसं काय?”

मालोजीरावाने थोडा विचार केला आणि कॉफी मागितली.

दुसऱ्या दिवशी तुळसीने महाराज, मावळे, तोफा आणि वाघ उचलले. हलवायचं नाही हा नियम वरच्यांचा, तळाच्यांचं कोणी काही बोललेलं नाही, असं ती म्हणाली. भागीरथीबाई गुगरीसाठी, म्हणजे प्रसादाच्या उसळीसाठी, हरभरे भिजत घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

फाटकाजवळ मालोजीराव सायकल लावायचा तिथे तुळसीने किल्ला उभा केला. दगड, विटांचे तुकडे, वर ओलं पोतं, त्यावर लाल माती. अळीव मिळाले नाहीत म्हणून रागी, म्हणजे नाचणी, पेरली. रागी दोन-तीन दिवसांत उगवली आणि डोंगर हिरवा दिसू लागला. माथ्यावर महाराज बसले. वाघ रागीतून डोकावत होता.

नवरात्रात संध्याकाळी म्हैसूरच्या बायका-मुलं घरोघर बाहुल्या बघत फिरतात, हातावर गुगरी घेऊन पुढच्या घरी जातात. जगन्नाथरावांच्या घरी गल्लीतली सगळ्यांत जुनी मांडणी, म्हणून गर्दी ठरलेली. या वर्षी गर्दी आली, पण फाटकातच अडकली. मुलांना तोफांची तोंडं फिरवायची होती. बायकांना रागीची युक्ती हवी होती. शेजारच्या विशालाक्षी टीचर तर कन्नडात किल्ल्याचा इतिहास सांगू लागल्या, जो त्या किल्ल्याला अजून नव्हता. आत भागीरथीबाईंची गुगरी निवून जायची.

तीन संध्याकाळी असं झालं. चौथ्या दिवशी दुपारी भागीरथीबाई फाटकाशी आल्या आणि किल्ल्याभोवती एक फेरी मारली.

“दरवाजा रस्त्याकडे कशाला केलास?”

“लोकांना दिसावा म्हणून.”

“शत्रूलाही दिसेल की. दरवाजा असा आडवळणी पाहिजे. घोडदळातल्या घराण्यात आलीस आणि एवढं कळू नये?”

तुळसीने दरवाजा बुरुजाआड फिरवला. भागीरथीबाई उभ्या राहून बघत होत्या. बोलणं तेवढंच झालं. महाराज मात्र बाहेरच राहिले आणि राजा-राणी आत.

आयुधपूजेच्या, म्हणजे नवमीच्या, संध्याकाळी आभाळ भरून आलं. आश्विनात म्हैसूरला असा पाऊस येतो, कोणाला न विचारता. फाटकात बायका-मुलं जमलेली असतानाच टपोरे थेंब पडू लागले. मुलं ओसरीवर पळाली. तुळसी छत्री घेऊन धावली, पण स्वतः डोक्यावर न घेता तिने ती किल्ल्यावर धरली. रागीतून गढूळ पाणी वाहू लागलं. एक मावळा आडवा झाला आणि त्याच्या पागोट्याचा रंग मातीत उतरला.

“आत आण गं त्यांना,” भागीरथीबाई दारातून म्हणाल्या. “भट्टीतले नाहीत ते, विरघळतील.”

“आत आणून कुठे ठेवू?”

“हे काय विचारणं झालं?”

“तळाला नाही ठेवणार, आत्या. मी भिजते. मला रंग नाही.”

विशालाक्षी टीचरना मराठी येत नव्हतं, पण त्यांनाही समजलं. मालोजीराव बायकोला ओढून आणायला एक पायरी उतरला, तिची नजर बघून परत चढला.

भागीरथीबाई वळून खोलीत गेल्या. पायऱ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वरची ट्रंक बघितली, मग खोलीभर नजर फिरवली.

“अहो, उठा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “रेडिओ उचला.”

“बातम्या चालू आहेत.”

“मांडीवर घेऊन ऐका. मालोजी, ते कपाट इकडे ओढ. ट्रंकेला चिकटव. आधी आरामखुर्ची बाहेर काढ. ओसरीवरच्या लोकांना म्हणावं, खुर्चीला वाट द्या.”

“पण तू म्हणालीस ना, हलवायचं नाही?” मालोजीरावाने विचारलं.

“राजा-राणी कुठे हलवतेय मी? पायरी वाढवतेय. पायरी वाढवू नये असं माझ्या आईनं काही सांगितलेलं नाही.”

खुर्ची ओसरीवर गेली, ओसरीवरच्या बायका भिंतीला टेकल्या, मुलं एकमेकांच्या मांडीवर बसली. कपाट घासत घासत ट्रंकेला भिडलं. भागीरथीबाईंनी नवऱ्याचं धुतलेलं धोतर काढून वर अंथरलं. मग पदर डोक्यावर घेऊन स्वतः फाटकाशी गेल्या, छत्रीखाली वाकल्या आणि महाराजांना सिंहासनासकट उचललं. तुळसीने मावळे ओच्यात घेतले. वाघ विशालाक्षी टीचरनी आणला.

महाराज कपाटावर बसले. सगळे मागे सरून बघू लागले. जगन्नाथराव मांडीवर रेडिओ घेऊन भिंतीशी बसले होते, तिथून त्यांना नेमकं दिसलं.

“कपाट ट्रंकेपेक्षा दोन बोटं उंच आहे,” ते म्हणाले.

खरंच होतं. सिंहासन राजा-राणीच्या वर गेलं होतं. तुळसीने सासूकडे बघितलं. मालोजीरावाने छताकडे बघितलं. आईने दिलेली जोडी पहिल्यांदाच कुणाच्या तरी खाली बसली होती, आणि ते सबंध गल्लीसमोर.

भागीरथीबाईंनी डोळे बारीक करून एकदा या राजाकडे पाहिलं, एकदा त्या राजाकडे.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आमच्या राजाबरोबर राणी आहे. एकट्या माणसाला थोडं उंच बसवावं, बरं वाटतं त्याला. तुळसी, डोकं पूस आणि सगळ्यांच्या हातावर गुगरी घाल. आज गरम आहे.”