पाठीतलं पाणी

अंबादेवीच्या वाटेवर फुलांची दुकानं पुष्कळ, पण वच्छलाबाईच्या दुकानावर हुज्जत घातल्याशिवाय कोणी पुढं गेलं, असं सहसा झालं नाही. बाई शाळेत गेली ती न गेल्यासारखीच. जिभेला मात्र धार अशी, की भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक स्वतःच पडून जाई. नवरा भगवंत गेला तेव्हा पोरं लहान होती. त्याच दुकानातल्या पाटावर बसून हार गुंफता गुंफता तिनं माया आणि किशोरला वाढवलं. माया मोर्शीला दिली, किशोर हाताशी ठेवला. सून सीमा अकोल्याची. नात प्रतीक्षा कॉलेजात जाणारी. घरात माणसं मोजकी, पण भांडण झाल्याशिवाय त्या घरात चहा उकळत नसे.

मग बाईचा उजवा हात हलायला लागला. मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोट एकमेकांवर आपोआप फिरत, जशी काही बाई देवाच्या वाती वळून राहिली. बाईनं दोष आधी सुईवर ढकलला, मग दोऱ्यावर, मग सुनेच्या हातच्या चहावर. मोगऱ्याचा वास येईनासा झाला तेव्हा तिनं मोगरेवाल्याला धरलं, की औषधं मारून मारून तुमी फुलाचा जीव घेतला. पण समोरून जाणाऱ्या बायका मोगऱ्यापाशी थांबत आणि त्यांचे चेहरे खुलत. बाई काय समजायचं ते समजली. वासाचं नाव तिनं त्यानंतर तोंडातून काढलं नाही.

सीमाच्या भावानं अकोल्याच्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई सुचवल्या, नीलमबाई म्हणून. त्यांनी वच्छलाबाईला चालवून पाहिलं, मूठ उघडायला-मिटायला लावली, कागदावर गोल काढायला लावले. रक्त तपासलं. कंपाचा आजार आहे की दुसरं काही, आणि त्याच्या जोडीनं विसरण्याचा आजार सुरू झाला आहे का, असे दोन प्रश्न होते. रक्त ना धड हो म्हणालं, ना धड नाही. नीलमबाईंनी सांगितलं, की मेंदूभोवती जे पाणी असतं तेच मणक्यातून खाली येतं. मेंदूत काही बिघडत असलं तर त्याची खूण रक्तापेक्षा त्या पाण्यात नीट दिसते. पाठीत सुई घालून थोडं पाणी काढावं लागेल.

ही बातमी घरी पोचण्याआधी गल्लीत पोचली. शेजारची गंगूबाई येऊन बसली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, की पाठीतलं पाणी काढलं की माणूस लंगडा होतो, तिच्या भाच्याच्या सासऱ्याचं असंच झालं. वच्छलाबाईनं तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

लंगडेपणाचं भेव तिला नव्हतंच. हात गेला तरी चालेल, सुई धरायला सून आहे. भेव होतं ते डोक्याचं. दर्यापूरची तिची जाऊ अशीच विसरत विसरत गेली होती. घरचे लोक तिच्यासमोर तिच्याबद्दल बोलत, जशी ती माणूस नाही, कोपऱ्यातलं पोतं आहे. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवत. आणि तिला काय झालंय हे सगळ्या गावाला माहीत होतं, तिला सोडून. म्हणून सुई घ्यायच्या आधी वच्छलाबाईनं किशोरला समोर उभं केलं.

"जे निघन ते पयले मले सांगजो. मले समजते तोवर सांगजो. समजेनासं झाल्यावर सांगून काय उपेग?"

किशोर हो म्हणाला.

अकोल्याला तिला कुशीवर निजवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले. हलू नका आजी, हलू नका, असं मागून कोणी सांगत होतं, आणि हात काही ऐकेना. शेवटी सीमानं तो दोन्ही हातांत दाबून धरला. किशोरनं तोंड फिरवलं होतं. कमरेत काहीतरी रुतलं, पायातून कळ गेली, आणि नळीत थेंब थेंब पाणी जमलं. नंतर तिला ते दाखवलं. तिला वाटलं होतं पिवळं असेल, गढूळ असेल. ते तर नळाच्या पाण्याहून नितळ.

"एवढं साफ? मंग बिमारी कुठी हाय यात?"

नीलमबाई म्हणाल्या, डोळ्याला दिसत नाही, शोधावी लागते. पाणी बाहेरगावच्या प्रयोगशाळेत जाईल, वेळ लागेल. बाई घरी आली, डोकं ठणकलं तोवर आडवी पडून राहिली, आणि उठल्याबरोबर गंगूबाईच्या दारावरून मुद्दाम जाऊन आली, तरातरा.

रिपोर्ट आला तो किशोरच्या मोबाईलवर. अंगणात उभ्यानं वाचता वाचता तो खाली बसला. मग आत सीमाशी आणि प्रतीक्षाशी कुजबुज झाली. बाहेर आला तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"काई नाई माय. कमजोरी हाय. औषधाच्या गोया देनार हाय डॉक्टरीन."

बरं, म्हणाली बाई.

आणि त्या दिवसापासून घरातलं भांडण बंद झालं. भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर सीमा म्हणे, हो आई, उद्या कमी टाकते. प्रतीक्षा मोबाईल बाजूला ठेवून जवळ बसायला लागली. किशोर दुकानात तिच्याआधी उठून फुलांची टोपली पुढं सरकवी. वच्छलाबाईनं मुद्दाम त्याच्या सासरच्यांना नावं ठेवून पाहिली, तरी तो हसला. बाईनं ताडलं. आपलं काहीतरी ठरून गेलंय आणि आपल्यालाच माहीत नाही.

विचारता आलं असतं. पण पोटच्या पोरापुढं खरं बोल म्हणून पदर पसरायचा? तिनं दुसरा रस्ता धरला.

गुरुवार होता. सगळ्या गल्लीत पिवळ्या शेवंतीचे हार लोंबत होते. बाई पाटावर बसली आणि कडक आवाजात म्हणाली, "आज शनवार. मारोतीच्या हाराले रुईची पानं काहून नाई आनली?"

एरवी किशोर म्हणाला असता, माय, भांग घेतली का सकायी सकायी. आज त्यानं तिच्याकडे पाहिलं, शेवंतीकडे पाहिलं, गाडी काढली आणि रुईची पानं घेऊन आला. ती पानं तिच्यापुढं ठेवली आणि तिच्याकडे न पाहता तो शेवंती ओवायला बसला. बाई दिवसभर तो हार ओवत बसली. गुरुवारी तो कोण घेणार?

मग तिनं सीमाला माया म्हणून हाक मारली. नणंदेशी तुलना झाली की सीमा दोन दोन दिवस तोंड फुगवून बसणारी. तीच सीमा पोळी उलटता उलटता म्हणाली, "हो आई."

वच्छलाबाईला त्यात उत्तर मिळालं. ही माणसं तिला दर्यापूरच्या जावेशेजारी बसवून मोकळी झाली होती.

पुढं अकोल्याला जायचा दिवस आला. दवाखान्यात नंबर लागला तसा किशोर म्हणाला, माय, तू बाहेर बस, आमी बोलून येतो. बाई त्याच्या अंगावरून आत गेली आणि डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसली.

"पानी मायं, पाठ माई. मंग सांगनं कोनाले?"

नीलमबाईंनी किशोरकडे पाहिलं. आजींना अजून सांगितलं नाही का, असं विचारलं. किशोरनं मान खाली घातली. मग हळू आवाजात, आई तिथं नसल्यासारखा, तो डॉक्टरांना सांगू लागला, की तिचं डोकं जायला लागलंय, आम्ही घरी पाहतोय. गुरुवारला शनिवार म्हणते. सुनेला लेकीचं नाव घेते.

वच्छलाबाई हसली. रागानं हसली.

"ते म्या जानूनबुजून केलं. काई नाई हे खरं असतं तर एकानं तरी म्हनलं असतं, का बुढे, आज गुरवार हाय. तुमी सारे गिळून बसले. म्हनून समजलं मले, का निकाल लागला."

सीमाचा आवाज फुटला, "आई, आमी रातभर रडून राह्यलो, अन् तुमी आमची परीक्षा घेऊन राह्यल्या होत्या?"

"तुमी खोटं बोलून राह्यले होते. म्या काय आरती ओवाळू?"

नीलमबाईंनी हात वर केला आणि कागद पुढं ओढला. हे सगळ्यांनी आता ऐका, म्हणाल्या. पाण्यात कंपवाताची खूण सापडली आहे, तो आजार आहे. विसरण्याच्या त्या दुसऱ्या आजाराची खूण या पाण्यात सापडलेली नाही. किशोर म्हणाला, त्यानं मोबाईलवर वाचलं होतं, की कंपवात झाला की डोकंही जातं. त्या म्हणाल्या, काहींचं जातं, काहींचं नाही, आणि कोणाचं कधी हे पाणी सांगत नाही. ते घरच्यांनी सांगायचं असतं. म्हणून मला खरं सांगा, आणखी काही पाहिलं का.

किशोर सीमाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "एक डाव माय दुकानात बसून टोपलीतली फुलं एक एक उचलून नाकाले लावून राह्यली होती. देवाची फुलं. गिऱ्हाईक समोर होतं. म्या हात धरला तर म्हने, काय झालं?"

वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. माळ्याच्या घरचं रांगतं लेकरू नाकाकडे फूल नेऊ लागलं तर आधी हातावर चापट बसते. अंबादेवीच्या वाटेवर जन्म घालवलेल्या बाईनं, फूल नाकापाशी आलं तर श्वास आखडून धरणाऱ्या बाईनं, भरली टोपली उष्टी केली होती. किशोर सांगत होता, की ती टोपली त्यानं गुपचूप निर्माल्यात टाकली आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानातून फुलं आणून दिली.

वच्छलाबाई आठवू लागली. टोपली आठवेना. गिऱ्हाईक आठवेना. पोरानं हात धरला, तेही नाही.

किशोर तिच्याकडे वाकला. त्याच्या डोळ्यांत आशा होती. "माय, तेई तू जानूनच केलं होतं न? आमाले पाह्याले?"

एक हो म्हणायचं होतं. पोराच्या छातीवरचा दगड उतरला असता, सून हसली असती, आणि घरी जाऊन पहिल्यासारखी भांडणं सुरू झाली असती. तिची मान वर राहिली असती. फक्त समोरच्या कागदावर एक खोटं लिहिलं गेलं असतं, तिच्या नावानं, तिच्या तोंडून. खोटं बोलले म्हणून आत्ताच तिनं सगळ्यांना फाडून खाल्लं होतं.

पदराखाली तिचा हात जोरात हलत होता. तिनं तो डाव्या हातानं दाबला.

"नाई," ती म्हणाली. "शनवार म्या जानून म्हनला, सीमाले माया म्हनलं तेई जानून. पन फुलं... असं म्या जानून करन का? देवाच्या फुलाले? केलं असन म्या. मले आठवत नाई."

नीलमबाईंनी बरं होईल वगैरे म्हटलं नाही. त्यांनी लिहिलं. मग विचारलं, वास येतो का? बाई म्हणाली, नाही, पुष्कळ दिवस झाले. तेही त्यांनी लिहिलं. म्हणाल्या, एका गोष्टीवरून काही ठरत नाही, पण ही गोष्ट तुम्ही सांगितली ते फार कामाचं आहे. सगळ्यांना बाहेर पाठवून त्यांनी तिची परीक्षा घेतली, शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळ काढायचं. बरंचसं आलं. काही सुटलं. काय सुटलं ते बाईनं विचारून घेतलं.

परतीच्या एसटीत किशोरला मागं जागा मिळाली. सासू-सुना एका बाकावर बसल्या. मूर्तिजापूर मागं गेलं. सीमा खिडकीबाहेर कपाशीकडे पाहत होती.

"सीमे."

"हां, आई."

"त्यानं डॉक्टरीनले एकच सांगतली. अजून हाय का?"

सीमा म्हणाली, जाऊ द्या न आई, घरी गेल्यावर बोलू. वच्छलाबाईनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. पुढच्या बाकावरची बाई वळून पाहायला लागली.

"हाव," सीमा शेवटी म्हणाली. "अजून एक हाय. दिवाईच्या आधीची. किशोरलेई माहीत नाई."

"सांग. अन् कानात नोको सांगू. भांडतं तसं सांग."

सीमानं पदरानं तोंड पुसलं आणि सांगू लागली. गाडी बडनेऱ्याकडे धावत होती, खिडक्या खडखडत होत्या, आणि वच्छलाबाईनं तिला मध्ये एकदाही टोकलं नाही.