मास्तरांचं काही विशेष नाही

शिंपीमास्तरांनी गिऱ्हाइकाची उसवलेली शिवण कधी लपवली नाही, पण स्वतःचा उजवा हात मात्र कित्येक महिने लपवला. बोटं बधिर व्हायची, कात्री निसटायची. हात गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की जन्मभर घरी बसून भाजी निवडायची, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

सरकारी दवाखान्याची रीत सोपी होती. वस्तीला नेमलेल्या डॉक्टरांकडे नाव नोंदवायचं, सकाळी फोन करून काय होतंय ते नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंना सांगायचं. आज बोलवायचं की पुढं कधी, ते त्या ठरवणार. पैसे लागत नसत, फक्त खरं बोलावं लागे. तिथंच मास्तरांचं घोडं अडलं. दोनदा फोन केला आणि दोन्हीदा "काही विशेष नाही" असं सांगून लांबची तारीख पदरात पाडून घेतली. तारखेला इस्त्रीचा सदरा घालून, व्याह्यांकडे निघाल्यासारखे ताठ जायचे. बाकावर कुणी खोकलं, की आपला नंबर त्याला देऊन टाकायचे. मग घरी येऊन दवाखान्याच्या नावानं बोटं मोडायला मोकळे.

तिसऱ्या खेपेला बायको बरोबर आली. बाकावर शेजारी बसलेला माणूस खोकला, मास्तर उठू लागले, तसं तिनं त्यांच्या सदऱ्याचं टोक घट्ट धरलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी त्रास विचारला, तर मास्तर म्हणाले, वयोमानानुसार चालायचंच. एवढ्यात त्यांची नजर डॉक्टरांच्या कोटाच्या लोंबणाऱ्या बटणावर गेली आणि त्यांना राहवेना. कॉलरमागची सुई आणि खिशातलं रीळ काढून ते ओवायला लागले. नेढं एकीकडे, दोरा भलतीकडे. शेवटी सुईच टेबलावर पडली. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कधीपासून होतंय हे?"

"आत्ताच. उजेड कमी आहे इथं."

ऊन थेट टेबलावर पडलं होतं.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "रोज सकाळी ओवलेल्या सुया दुकानातल्या उशीला कोण टोचून ठेवतं, असं वाटतं तुम्हाला?"

त्या सुया कालच्या उरलेल्या, असं मास्तर समजत होते. निदान तसं समजणं सोयीचं होतं. त्यांना लाज वाटली, डोळे भरून आले, आणि लाजेपेक्षाही जास्त सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं. बहुतेक नस दाबली जातेय, म्हणाल्या. मोठ्या इस्पितळात लवकर दाखवा, अजून वेळ गेलेली नाही, असं सांगून त्यांनी तिथली चिठ्ठी लिहून दिली. बायकोनं सुई ओवून मास्तरांच्या हाती दिली. बटण जरा वाकडं लागलं, पण लागलं.

बाहेर खिडकीतल्या बाईंनी मोठ्या इस्पितळाची तारीख लावायला चिठ्ठी घेत नेहमीसारखं विचारलं, तातडीचं आहे का? मागं बाकावर कुणीतरी खोकलं. मास्तर सवयीनं वळले, तर समोर बायको. ते पुन्हा खिडकीकडे वाकले.

"हो," ते म्हणाले, "माझं आधी बघा."