उतरत्या तारेची गिटार

माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव! नाही जमायचं तुला. आयर्लंडमधल्या कोव्ह गावच्या या पबात भिंतीवर लटकलेली म्हातारी गिटार मी. माझं शिक्षण सहा तारांपुरतं, त्यातली एक जन्मापासून नापास. पण मी बोलतेय, आणि तुझ्या त्या काळ्या बिअरपेक्षा कडू बोलणार आहे.

माझ्याखालची पितळी पट्टी वाच. ‘या गिटारवर फिंटन कियोहेननं आपलं अजरामर गाणं रचलं.’ रचलं म्हणे! डोंबल त्याचं!

मी कारखान्यातली, पातळ फळ्यांची, कुणी कौतुक करावं अशी नव्हेच. मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते डिम्फ्नानं, म्हणजे फिंटनच्या मावशीनं. ती शाळेत स्वयंपाक करायची आणि रविवारी चर्चमध्ये मला वाजवायची. माझ्या पाचव्या तारेची खुंटी ढिली. दोन कडवी झाली की तार उतरायचीच. दुसरी कुणी असती तर मला बदलून आणली असती. मावशीनं काय करावं? एका दुपारी चुलीवर बटाटे ठेवून तिनं एक गाणं बांधलं, आणि तिसरं कडवं त्या उतरलेल्या सुरावरच बसवलं. टेबलाशी चौदा वर्षांचा फिंटन जॅम चाटत बसला होता. तेव्हा बरा होता रे तो.

मावशीनं मला त्याला देऊन टाकलं. मग त्याचा पहिला बँड, ‘ओले मोजे’. ड्रमवर लॉर्कन, गावातलाच. त्याच्या बापाच्या जाळ्यांच्या शेडमध्ये सराव चालायचा. माझ्या पोटाला बांगड्याचा वास लागला तो अजून गेलेला नाही, हुंगून बघ. लॉर्कननं गावोगाव फिरायला जुनी व्हॅन घेतली, त्याच आठवड्यात फिंटन डब्लिनला पळाला. ड्रमवर चिठ्ठी ठेवून! तोंडानं सांगायला काय झालं होतं?

तिकडे दुसरा बँड, ‘शोकसभा’. काळे कोट घातलेले चौघे, हसायचं नाही असा नियम. टोपी कुणी घालायची यावरून भांडले आणि फुटले. मग हा एकटाच उरला, आणि नावही घेतलं ‘एकटा बगळा’. चारी बाजूंना विजेवर वाजणारी, दिवे लुकलुकणारी यंत्रं, मी कोपऱ्यात. पण पहिल्या रेकॉर्डला सूर सुचेना, तेव्हा मलाच उचललं. वाजवलं काय? मावशीचं गाणं. उतरत्या तिसऱ्या कडव्यासकट!

लोक वेडे झाले. केवढी प्रतिभा म्हणे! प्रतिभा कसली, ढिली खुंटी ती. रेडिओवाल्या बाईनं विचारलं, “हा सूर कुठून आला?”

“हिवाळ्यात समुद्राकडे बघताना,” हा म्हणाला.

मी तिथेच होते, त्याच्या मांडीवर. तार तोडून थोबाडात मारावीशी वाटली.

नाव झालं तशी मी नकोशी झाले. त्यानं मला या पबाला भेट दिलं, आणि पबवाल्यानं माझ्या पाठीतून स्क्रू घालून भिंतीला ठोकलं. पाठीतून! मावशी कधीमधी माझ्याखाली येऊन चहा प्यायची. एकदा लॉर्कन तिला म्हणाला, “मावशी, गप्प का बसता? अख्ख्या गावाला ठाऊक आहे.”

“जगतंय ना पोरगं त्यावर,” ती म्हणाली. “आणि तू काय माझा वकील? सँडविच खा.”

गेल्या नोव्हेंबरात ती गेली. दफन करून सगळे इथेच आले, सूप आणि हॅमच्या सँडविचांवर. फिंटनही आला, महागडा कोट घालून. आमच्याकडे रीत अशी की, जो गाईल त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलेल्यानं नाही म्हणायचं नाही. लॉर्कन आधी गायला. कावळा बरा. मग घाम पुसून म्हणाला, “माझी हाक फिंटनला.”

सूपचे चमचे थांबले.

“माझं वाजवायचं सामान डब्लिनला आहे रे.”

“मग ती काय झाडू आहे?” लॉर्कननं माझ्याकडे बोट केलं.

“स्क्रू लावलाय तिला.”

पबवाल्यानं पेचकस पुढे केला.

फिंटननं मला सोडवलं, गंजक्या तारा सुरात लावल्या आणि तेच गाणं धरलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. पाचवी तार उतरली. मी मुद्दाम नाही रे केलं! बरं, थोडं केलं.

त्याचा हात खुंटीकडे गेला आणि तिथेच राहिला. समोर सगळी मावशीची माणसं बसलेली. कुणी मदतीला येईना.

“हे कडवं मावशीचं आहे,” तो म्हणाला. “कडवंच काय, गाणंच तिचं. मी जॅम खात ऐकलं होतं. समुद्र वगैरे काही नव्हतं.”

“मोठ्यानं,” मागून लॉर्कन ओरडला. “तिच्या बहिणीला कमी ऐकू येतं!”

ती बहीण म्हणजे फिंटनची आई. त्यानं आईकडे वळून पुन्हा सांगितलं. आणि मग तिसरं कडवं गायला, उतरलेल्या सुरावर, मावशी गायची तसं.

माझा राग गेला म्हणतोस? अजिबात नाही! पाठीतलं भोक तसंच आहे, आणि मावशीच्या कानावर मात्र काही पडलं नाही. पण आता मी स्क्रूवर नाही, खिळ्याला दोरीनं टांगलेली असते. ज्याला हाक येईल त्यानं मला उतरवायचं. पट्टीवर लॉर्कननं किल्लीनं खरवडलंय: ‘डिम्फ्नानं’. फिंटनचं नाव खोडून वर लिहायला त्याला जागा पुरली, बघ.

सरक आता, नीघ. त्या टेबलाशी बसलेल्या बाईला हाक आलीय, घसा खाकरतेय ती, आणि तू माझ्या वाटेत उभा आहेस. जा म्हटलं ना!