बांधावरची राजेळी

व्हॅलेरियनला त्या तळ्यातून काय काय मिळणार होतं, ते गिरीजमध्ये सगळ्यांना पाठ होतं, कारण तोच सांगत फिरायचा. रविवारी मुंबईचे चाळीस साहेब. बोटीचे माणशी दोन रुपये. बायको क्लेमेंटीनच्या हातच्या कोंबडीचे वेगळे. आणि सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे, ज्या साहेबांचे ग्लास त्याने जिमखान्यात सव्वीस वर्षं भरले, ते आता त्याच्या काठावर बसून त्याला ‘मिस्टर व्हॅलेरियन’ म्हणणार. ही शेवटची बाब तो बोलला नव्हता, पण आम्ही ती धरूनच चाललो होतो.

तर ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याने डोंगरीच्या पायथ्याला, स्वतःच्या जागेत, ओहोळाला आडवा मातीचा बांध घातला. पावसाने तळं भरून दिलं, फुकट. मग टेम्पोतून बदकाच्या आकाराची, पायाने चालवायची बोट आली. वसईच्या बाजारात वळताना बदकाची चोच एका हातगाडीला लागून मोडली होती. तरी सगळा गाव बघायला गेला.

एक हिरामण तेवढा गेला नाही. ओहोळाचं पाणी खाली त्याच्याच वाडीत जायचं, तिथल्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या खोदलेल्या तळीत, साठायचं आणि त्यावर त्याची पानवेल जगायची. पानवेल घरजावयासारखी; चार दिवस विचारलं नाही की रुसते, आणि एकदा रुसली की परत येत नाही. माघ संपता संपता बावखलाचा तळ दिसू लागला. सोळा ओळी पानं, कडेने पिवळी पडायला लागली. हिरामण टोपी काढून बांधावर गेला.

“व्हॅलूदादा, रातच्याला घटकाभर पानी सोड. येल मरतंय.”

“आणि बोट काय चिखलात चालवू? ईस्टर मंडेला जिमखान्याची पार्टी येतेय. बुकिंग झालंय, बाबा.”

“बदकाला किती पानी लागतं?”

“साहेब बसला की जास्त लागतं.”

हिरामण हसला. जाता जाता बांधाकडे बघून जीभ चुकचुकवली. “एवढी वली माती, नि वर केळीचा एक कंद नाय? तुझा बाप वाडीवाला होता, का तुला कुनी बोटीतून आनला?”

हा घाव नेमका बसला. गिरीजच्या माणसाला शिव्या द्या, तो ऐकून घेईल. पण ओली माती रिकामी ठेवलीस म्हणा, त्याला जेवण जात नाही. आठवड्यात बांधाच्या पाठीवर राजेळीचे साठ कंद लागले. कंद हिरामणनेच दिले, एक पैसा न घेता. तेव्हाच व्हॅलेरियनने सावध व्हायला हवं होतं.

केळीला पाणी हवं. शेजारी तळं भरलेलं असताना बादल्या कोण वाहील? व्हॅलेरियनने बांधाचा माथा कापून पाट काढला. केळीच्या खोडाचं सोपट आणि दोन ओंजळी चिखल लावला की तोंड बंद. तळं उतरेल तसं ते तोंडही तो वीत-वीत खाली खणत गेला. बांधावरून जे झिरपायचं ते निवांत हिरामणच्या वेलाला पोचायचं. पानं पुन्हा हिरवी झाली.

क्लेमेंटीनने एकदा विचारलं, “हा बांध आहे की वांग्याचा वाफा?”

“मला पाणी शिकवतेस? चार पिढ्या पाट सोडलेत आम्ही.”

हिरामणची आई भागूबाई घरी लेकाला म्हणाली, “पान्याला नि पावन्याला वाट दावू नये रं.”

“झिरपतंय तेवढं झिरपू दे, आये. मी काय फोडाया सांगितलंय?”

आता आमच्याकडची एक रीत आहे. रविवारी पाट सोडायचा आणि मिस्साला जायचं. फादरचं प्रवचन संपून माणूस घरी येईतो पाणी शेवटच्या आळ्यात पोचलेलं असतं. बापजाद्यांपासूनचं हे घड्याळ, कधी चुकलं नाही. त्या रविवारी व्हॅलेरियनने तेच केलं. फक्त तो ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. आधी मिरवणूक, मग येशूच्या दुःखसहनाचा अख्खा वृत्तांत, त्यावर पाहुण्या फादरचं प्रवचन. येशू क्रुसापर्यंत पोचला तेव्हा पाटाचं कमरेएवढं तोंड दरवाजाएवढं झालं होतं.

देवळाबाहेर आलो तर भागूबाई ओरडत होती, “व्हॅल्या, तुझं बदक आलंय रं आमच्याकडं!”

तळं गेलं होतं. सगळं पाणी, साठच्या साठ राजेळी आणि चोचमोडकं बदक हिरामणच्या वाडीत उतरलं होतं. खालच्या सहा ओळी पानवेल आडवी झाली. वरच्या दहा उभ्या राहिल्या. बावखल काठोकाठ, आणि मधोमध बदक.

हिरामण गुडघाभर चिखलात उभा. व्हॅलेरियन त्याच्याकडे, तो व्हॅलेरियनकडे बघेना. शेवटी हिरामण म्हणाला, “सहा वळी गेल्या.”

“माझं तळं गेलं!”

“गेलं कुठं? हे काय.”

ईस्टर मंडेला साहेब आले, वीस जण. कोंबड्या कापून झाल्या होत्या, परत पाठवणार कसं? व्हॅलेरियनने त्यांना हिरामणच्या वाडीत आणलं. साहेबांना सावली आवडली, पानांचा मांडव तर फारच. “नाइस प्लेस,” ते हिरामणला म्हणाले आणि मग वळून, “व्हॅली, ग्लास!”

भागूबाई बिस्किटाचा रिकामा डबा मांडीवर घेऊन काठावर बसली होती. एका जाड्या साहेबाला पायडल जमेना, म्हणून दाखवायला व्हॅलेरियन बदकात चढला. एक फेरी मारून काठाला लागला, तर समोर डबा.

“दोन रुपये.”

“भागूमावशी, बोट माझी आहे!”

“पानी आमचं. सहा वळींचं.”

साहेब बघत होते. व्हॅलेरियनने खिशात हात घातला.

तर झालं ते असं. बांध व्हॅलेरियनचा गेला, केळी व्हॅलेरियनची गेली, हिरामणच्या सहा ओळी गेल्या, दहा वाचल्या आणि बावखल पावसापर्यंत पुरलं. साहेबांची दिवसभराची बोट पार्टीच्या बिलात, आणि बिल जिमखान्याच्या खात्यावर. त्या दिवशी बदकात बसण्याचे रोख पैसे मोजणारा माणूस एकच निघाला.