‘परत या’ न म्हणणारं दुकान

अर्जात ‘इव्हेंट मॅनेजमेंट, सहा वर्षं’ असं लिहायची अक्कल सलिलमामाची. "संचिता, अंत्यविधीचं सामान विकतेस असं लिहिलंस तर एमबीएवाले दारात उभं करणार नाहीत," तो म्हणाला आणि मीही शहाणी, मान डोलावली. बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून कल्याणचं आमचं दुकान मीच चालवते. तिरडीचे बांबू, मडकं, पांढरं कापड, दहा मिनिटांत सगळं बांधून द्यायचं.

ठाण्याच्या कॉलेजात मुलाखतीला समोर दोन सर आणि मधे चित्रा मॅडम. दुसऱ्याच प्रश्नाला त्या इंग्रजी सोडून मराठीत आल्या.

"इव्हेंट्स कसले करता?"

"कौटुंबिक."

"सीझन कधी असतो?"

"सीझन असा नसतो, मॅडम. कधीही."

"क्लायंट परत येतात?"

"येऊ नयेत असंच वाटतं." तोंडातून निघून गेलं. सर हसले, मॅडम हसल्या नाहीत.

"ठीक आहे. निघा तुम्ही."

मी उठले आणि सवयीने मान खाली घालून गुपचूप दाराकडे चालू लागले.

"अहो, थँक यू नाही, येते नाही, अशाच निघालात?"

मामाच्या अकलेचा मला असा संताप आला! माझ्या स्वतःच्याही.

"आमच्या दुकानातून निघताना कुणी ‘येतो’ म्हणत नाही, मॅडम. आम्हीही ‘परत या’ म्हणत नाही. मी अंत्यविधीचं सामान विकते. लाज वाटली म्हणून अर्जात खोटं लिहिलं."

एका सरांनी फाइल मिटली. "मग प्रश्नच मिटला."

गेली सीट.

"थांबा, सर," मॅडम म्हणाल्या. "संचिता, सहा वर्षांत सगळ्यात अवघड काय शिकलात?"

"जास्त भाव न सांगायला. त्या वेळी कुणी घासाघीस करत नाही. मागू तेवढे देतात."

मग मॅडमनी ती फाइल उघडली, मामाची ओळ खोडली आणि अर्ज माझ्यापुढे सरकवला. "इथे खरं लिहा. खाली सही. निकाल सोमवारी."

माझं अक्षर वेडंवाकडं आलं, पण लिहिलं. दाराशी पोचल्यावर थांबले. सहा वर्षांत कामाच्या जागी जे कधी बोलले नव्हते, ते बोलायला जीभ उचलत नव्हती.

"येते, मॅडम."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"या," त्या म्हणाल्या.